गाडीच्या सीटचं चामडं: सांधायचं की बदलायचं?

तुमच्या गाडीच्या चालकाच्या सीटची दाराकडची कड एकदा नीट बघा. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे ही कड उजवी. आत बसताना मांडी तिच्यावरून सरकते आणि उतरतानाही. दिवसातून चारदा बसणं-उतरणं धरलं, तरी वर्षाला जवळजवळ तीन हजार वेळा जीनचं जाड कापड, मागच्या खिशातली किल्ली आणि पट्ट्याचं बक्कल त्या वीतभर जागेवरून घासत जातं. बाकीची आसनं चांगली धडधाकट असतात आणि ही एक कड मात्र पांढुरकी पडते, भेगाळते, मग एके दिवशी आतला पिवळा फोम डोकावू लागतो. त्या दिवशी आपण कव्हरच्या दुकानात जातो, आणि तिथे पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘पूर्ण सेटच टाकून घ्या.’

माझ्या सेकंडहँड सेडानच्या बाबतीत हेच झालं. दुकानदाराने सीटकडे लांबूनच पाहिलं आणि नवीन नमुन्यांचा अल्बम पुढे केला. मला रंगही पसंत पडला होता. पण त्या दिवशी पैसे बरोबर नव्हते, म्हणून मी परतलो. पुढच्या आठवड्यात पुण्यात नाना पेठेत दुसऱ्याच कामाला गेलो असताना एका म्हाताऱ्या कुशनवाल्या काकांना सीट दाखवली. ते काही न बोलता खाली बसले, सीटच्या बुडाशी हात घातला, खोळीची दुमडलेली कड बोटभर बाहेर ओढली आणि मला उलटी बाजू दाखवली. तिथे कापड नव्हतं, मऊ लव होती. ‘साहेब, खरं चामडं आहे हे. फेकू नका.’ कामाला दीड दिवस लागला. त्यालाही आता चार वर्षं झाली.

त्या काकांनी जे आधी केलं, तेच तुम्हीही आधी करा. सीट दुरुस्त करायची की बदलायची, हे फाटलेली जागा किती मोठी आहे यावर ठरत नाही. ती वस्तू नेमकी कशाची बनली आहे आणि तिच्या खाली काय चाललं आहे, यावर ते ठरतं. हात न लावता दिलेला सल्ला ऐकू नका, मग तो दुकानदाराचा असो की घरातल्या थोरांचा.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्याला आपण ‘लेदर’ म्हणतो ते आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत चामडं नसतंच. कापडावर प्लास्टिकचा थर चढवलेला असतो. माहितीपत्रकात त्याला लेदरेट म्हणतात, बाजारात आर्ट लेदर, पीयू, किंवा जुन्या सवयीने रेक्झिन. ‘नप्पा’ हे मुळात मऊ, अखंड पोताच्या चामड्याचं नाव, पण आज कव्हरच्या दुकानात ते कृत्रिम मालालाही सर्रास लावलं जातं. महागड्या परदेशी गाड्यांतही हीच कथा आहे. मर्सिडीजचं आर्टिको, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक, टोयोटाचं सॉफटेक्स ही सगळी कृत्रिम चामड्याची नावं. शिवाय ‘लेदर सीट’ म्हणून विकलेल्या गाडीतही अनेकदा पाठ आणि मांडी टेकते तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजू आणि पाठीमागचा भाग लेदरेटचा. म्हणजे एकाच सीटवर दोन वस्तू, आणि दोघींचं म्हातारपण वेगवेगळं.

ओळखायचं कसं? पाण्याचा थेंब टाकून बघा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो गाडीसाठी फारसा कामाचा नाही. गाडीच्या चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो, त्यामुळे खऱ्या चामड्यावरूनही थेंब ओघळून जातो. काडी पेटवून पाहण्याचा उद्योग तर चुकूनही करू नका. खात्रीचा उपाय एकच, उलटी बाजू पाहणं. सीट पुढे सरकवून मागच्या बाजूने बुडाखाली हात घाला, खोळ जिथे प्लास्टिकच्या पट्टीत अडकवलेली असते तिथली मोकळी कड शोधा. विणलेलं कापड दिसलं तर कृत्रिम. लवदार, तंतुमय, सांबर-कातड्यासारखी बाजू दिसली तर खरं. वरच्या बाजूचा एक छोटा पुरावाही आहे. बोट दाबलं की खऱ्या चामड्यावर बोटाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात. लेदरेट नुसतं खाली खचतं.

खरं चामडं निघालं, तर मन दुरुस्तीकडे झुकू द्या. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. झीज आधी वरच्या रंगाच्या थरात होते, तंतू बराच काळ शाबूत राहतात. भेगेत नीट पाहा. भेगेचा तळ गुळगुळीत आणि फक्त फिकट असेल, तर नुसता वरचा थर तडकला आहे. तळाशी पिंजलेले तंतू दिसत असतील, तर घाव आत गेला आहे, तरी भरता येतो. आरपार जाऊन फोम दिसत असेल, तर तेवढा तुकडा बदलायचा. आणि एक शेवटची परीक्षा, जी काकांनी माझ्यासमोर केली: शिवणीजवळचं चामडं दोन बोटांत धरून हलकेच ओढायचं. ते ताणलं गेलं तर त्यात जीव आहे. कागदासारखं टरकलं, तर उन्हाने ते करपलंय. तिथे भराव, रंग, टाका काहीच धरणार नाही. असं चामडं मी मागच्या काचेखालच्या आसनांवर जास्त पाहिलं आहे. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत काचेतून येणारं ऊन तिथेच पडतं.

चांगली दुरुस्ती कशी होते ते माहीत असलं की फसगत होत नाही. आधी जागा स्वच्छ करून जुना मेणचट थर आणि पॉलिश पूर्ण काढावं लागतं. मग चारशे-सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने कड हलकी घासायची. फाटलेलं असेल तर फटीतून आत कापडाची पट्टी सरकवून लवचीक गोंदाने चिकटवायची, म्हणजे दोन्ही कडांना खालून आधार मिळतो. वरून चामड्यासाठीचा लवचीक भराव पातळ-पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळू देऊन. मग जुळवलेला रंग, आणि शेवटी संरक्षक थर. कुणी ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणत असेल, तर तो फक्त रंग फासणार आहे. महिन्याभरात तो रंग तुमच्या पांढऱ्या पँटवर आलेला दिसेल. रंग जुळवताना उन्हात उभं राहून बघा, ट्यूबलाइटखाली नव्हे. सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर नमुना करून घ्या. चकाकीही जुळली पाहिजे. बहुतेक गाड्यांचं चामडं मंद, जवळजवळ निस्तेज असतं. दुरुस्तीचा डाग लांबून ओळखू येतो तो रंगापेक्षा चकाकीमुळे.

एक अपवाद आहे. थंड हवा सोडणाऱ्या व्हेंटिलेटेड सीटवरच्या बारीक भोकांच्या चामड्यावर भराव चालत नाही, भोकं बुजतात. तिथे तुकडाच बदलावा लागतो.

आता कृत्रिम मालाकडे. इथे दोन जाती आहेत आणि त्यांचा शेवट दोन तऱ्हांनी होतो. पीव्हीसीचं जुन्या वळणाचं रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उष्णतेने ते द्रव्य हळूहळू उडून जातं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट थर बसतो, त्यात असल्याच प्लास्टिकमधून उडालेल्या द्रव्यांचा वाटा असतो. ते कमी झालं की रेक्झिन ताठर होतं आणि शिवणीशी सरळ चिरतं. चीर एकच असेल आणि आजूबाजूचा भाग अजून मऊ असेल, तर खालून पट्टी लावून ती सांधता येते. बोटाने वाकवल्यावर ताठ, पुठ्ठ्यासारखं लागत असेल, तर आज एक चीर सांधाल, पावसाळ्यानंतर शेजारी दुसरी पडेल.

पीयूचं दुखणं वेगळं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त दिसतं. जुन्या सोफ्याचे किंवा हँडबॅगचे पोपडे निघताना तुम्ही पाहिलेच असतील. हवेतली आर्द्रता त्या थरातले रासायनिक दुवे तोडत जाते. उष्णता त्या कामाला वेग देते. म्हणून रत्नागिरीला किंवा पणजीला घरात झाकून ठेवलेली, महिन्यातून एकदाच निघणारी गाडीसुद्धा यातून सुटत नाही. बसण्याने झीज झाली नसली तरी थर आतून सुटत असतो. पोपडे निघायला लागले की त्यावर पैसे घालू नका. एका जागी भराव लावला तर त्याच्या कडेला नवा पोपडा सुटतो, कारण तो थर सगळीकडे एकाच वयाचा आहे आणि सगळीकडेच सुटतोय. इथे मी अगदी ठामपणे ‘बदला’ म्हणेन. पोपडे फक्त चालकाच्या सीटवर असले, तरी बाकीच्या सीटवर नखाने कडेला हलकेच खरवडून बघा. थर नखाखाली येत असेल, तर पूर्ण सेटचा विचार करा. येत नसेल, तर पुढच्या दोनच सीट.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित दुखणं म्हणजे उसवलेली शिवण. माल चांगला असतो, दोरा कुजलेला असतो. उन्हात पॉलिस्टरचा दोरा नायलॉनपेक्षा जास्त टिकतो, हे कारागिराला माहीत असतं, पण विचारलं नाही तर हाताशी असेल तो दोरा लावला जातो. शिवण उसवली की लगेच घालून घ्या. तसंच बसत राहिलं तर टाक्यांची भोकं ताणून लांबट होतात, एकमेकांना मिळतात आणि कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटत जाते. मग त्याच रेषेत टाका बसत नाही.

इथे मी एका गोष्टीवर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ती जिवाशी गाठ आहे. आजकाल अनेक गाड्यांत सहा एअरबॅग असतात आणि त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला बसवलेल्या असतात. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी शिवलेली दिसते. बाजूने धडक बसली की ही पिशवी सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात फुगून बाहेर यावी लागते. ती बाहेर येते ती सीटच्या शिवणीतूनच. ही शिवण मुद्दाम ठरावीक ताकदीला तुटेल अशी घातलेली असते. गल्लीतल्या कारागिराने ती ‘मजबूत’ जाड दोऱ्याने शिवली, किंवा वरून घट्ट कव्हर चढवून ती बाजू झाकली, तर पिशवी उशिरा उघडेल किंवा भलत्या दिशेला उघडेल. म्हणून त्या शिवणीला दुरुस्तीत हात लावायचा नाही. ती उसवली असेल तर मूळ कंपनीची खोळच घ्यायची. कव्हर घेताना एअरबॅगच्या जागी मोकळं असलेलं, किंवा तिथे तुटण्याजोगी शिवण घातलेलं कव्हरच मागायचं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या गाडीसाठी तपासलेलं आहे का, हे विचारा.

सीट उचकटून काम करायचं असेल, तर तिच्याखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील. पिवळा म्हणजे एअरबॅगची वायर. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरी काढून, सांगितलेला वेळ थांबूनच ते सोडवायचे. पुढच्या डाव्या सीटच्या गादीत कोणी बसलंय की नाही हे ओळखणारी एक पातळ चटईही असते. कारागिराने तिच्यावर सुई चालवली की सीटबेल्टचा दिवा कायमचा रुसतो. काम झाल्यावर दुकान सोडण्याआधी गाडी सुरू करून डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझताहेत ना, पाहा. घरात लहान मूल असेल तर मागच्या सीटवर मुलाची सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या नव्या कव्हराखाली गडप झाल्या नाहीत ना, आणि बेल्टची बक्कलं मोकळी आहेत ना, तेही पाहा.

खोळीच्या खाली काय आहे, हे मी आधी म्हटलं होतं. ती गोष्ट म्हणजे फोम. कडेवरचं चामडं फाटतं याचं कारण अनेकदा चामड्यात नसतंच. आतला उंचवटा चुरगळून बसलेला असतो आणि सीटची लोखंडी तार आतून टोचत असते. अशा फोमवर नवं कव्हर घातलं, तर ते जुन्यापेक्षा लवकर फाटेल. मुठीने कड दाबून बघा. दोन्ही पुढच्या सीटची कड एकामागोमाग दाबली तर फरक लगेच कळतो. चालकाची कड भुसभुशीत लागत असेल, तर आधी फोमचा तेवढा तुकडा कापून त्याजागी दाट फोम बसवून घ्या. हे काम फार खर्चिक नाही. पण कव्हरवाला ते स्वतःहून सुचवणार नाही, कारण त्यासाठी त्याला खोळ पूर्ण उतरवून सगळ्या तारेच्या रिंगा सोडवाव्या लागतात.

खोळ एकदा उतरली की तिसरा रस्ताही उघडतो. माझ्या मते बहुतेक चांगल्या सीटसाठी तोच बरोबर असतो. फाटलेलं पान, म्हणजे खोळीचा शिवलेला एक तुकडा, उसवायचं, त्याचाच साचा करून नवं पान कापायचं आणि जुन्या पानांत शिवायचं. फक्त दाराकडची कड आणि तिला लागून असलेला मांडीखालचा भाग, एवढी दोन पानं बदलली तरी सीट नवी वाटते. आधी पाहायचं एवढंच, की त्या पानाच्या कडेला एअरबॅगची शिवण येत नाही ना. रंग जुळवण्यासाठी दोन्ही सीटची तीच पानं बदलली, तर वेगळा रंगही ठरवून केल्यासारखा दिसतो. काकांनी माझ्या सीटला असंच केलं, डाव्या सीटचं पान चांगलं असूनही.

पैशाचा हिशेब करताना दोन आकडे मागा, एक या पानांचा आणि एक पूर्ण सेटचा. पाच आसनांच्या पीयू कव्हरचा सेट आज साधारण पाच-सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत बसतो. खऱ्या चामड्याने सगळी गाडी नव्याने मढवायची, तर खर्च त्याच्या कित्येक पट. चामडं चौरस फुटावर विकलं जातं आणि एका गाडीला अनेक कातडी लागतात, कारण प्रत्येक कातड्यातले डाग आणि पोटाकडचा ताणलेला भाग बाजूला काढावा लागतो. म्हणून खऱ्या चामड्यावर, ते टरकत नसेल तर, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापर्यंत गेला तरी मी दुरुस्तीच निवडेन. कृत्रिम मालावर तो नव्या सेटच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जात असेल, तर बदलून टाका. गाडी वर्ष-दोन वर्षांत विकणार असाल, तर फक्त चालकाची सीट नीट करा. घेणाऱ्याची नजर तिथेच आधी जाते. विम्याची आशा धरू नका. झीज विम्यात येत नाही. आणि नंतर बसवलेली महागडी कव्हर्स पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून लिहून घेतली नसतील, तर अपघातात तीही मोजली जात नाहीत.

मूळ सीट कापडाची असेल आणि तिच्यावर तुम्ही घातलेलं बकेट फिटिंगचं कव्हर खराब झालं असेल, तर निर्णय सोपा आहे. ते म्हणजे उशीचा अभ्रा. जुनं काढा, खालची मूळ सीट आधी धुऊन, दोन दिवस दारं उघडी ठेवून वाळवा, मगच नवं घाला. कित्येक गाड्यांत येणारा कुबट वास या दोन थरांमधल्या बुरशीचा असतो. आणि नवं घालण्याआधी त्या कापडाच्या सीटवर आठवडाभर बसून बघा. विदर्भातल्या उन्हाळ्यात तुम्हाला कदाचित ते कापडच आवडेल.

कामाची वेळ निवडा. कोकणात, मुंबईत आषाढ-श्रावणात रंग आणि गोंद नीट वाळत नाहीत. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. आणि काम झाल्यावर खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडे चामड्याच्या चपलेला तेल लावायची पद्धत आहे, म्हणून लोक सीटलाही लावतात. गाडीच्या चामड्यावरच्या थरातून ते फारसं आत जात नाही. शिवणीत मात्र मुरतं, खवट होतं, धूळ धरतं. हेडरेस्टवरचे काळपट डाग केसांतल्या तेलाचे असतात. ते ओल्या, नीट पिळलेल्या मऊ फडक्याने आणि सौम्य साबणाने आठवड्याला पुसा. हातावर सॅनिटायझर लावून लगेच दाराला किंवा सीटला टेकू नका. त्यातलं अल्कोहोल वरचा संरक्षक थर मऊ करतं.

शेवटी कारागिराकडून एक गोष्ट आठवणीने मागून घ्या: उरलेला तुकडा आणि त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळ. तुकडा गुंडाळू नका, सपाट ठेवा, अंधारात ठेवा. माझ्या तुकड्याला कपाटात दोन वर्षं झाली होती, तेव्हा मुलीच्या दप्तराच्या चेनने डाव्या सीटला वीतभर चीर पडली. मी तो तुकडा घेऊन नाना पेठेत गेलो. काकांनी तो उजेडात धरला, सीटला लावून पाहिला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.